गणवेश शिवणाऱ्या आईचा मुलगा घरी बसलाय

प्रश्न तुमचे, उत्तर बाईंचं

बाई, नमस्कार.

तुमचं पान मी नेमाने वाचते. ज्यांचे गणवेश शिवते त्या शेठजींच्या घरी अंक येतो, जुना झाला की मला मिळतो. म्हणून उत्तर उशिरा आलं तरी चालेल.

आम्ही सोलापुरात अक्कलकोट रोडच्या बाजूला राहतो. मालक टॉवेलच्या कारखान्यात आहेत, आठवड्याला पाळी बदलते. घरात तेलुगू बोलतो. मी मराठी शाळेत नववीपर्यंत शिकले. तेलुगू बोलता येते, वाचता येत नाही. मोठी मुलगी सातवीत आहे, तिचं बरं चाललंय. काळजी धाकट्याची. घरात त्याला चिन्ना म्हणतो. नऊ पूर्ण झाली.

गल्लीतले सगळे घालतात म्हणून त्याला इंग्रजी माध्यमात घातलं. तिसरीपर्यंत गेला, पण वाचता येत नाही. एबीसीडी धडाधडा म्हणतो, पुस्तकात बोट ठेवलं की गप्प. फळ्यावरचं वहीत उतरवतो, चित्र काढल्यासारखं सुबक, पण काय लिहिलंय ते त्याचं त्यालाच सांगता येत नाही. दिवाळीआधी शाळेत बोलावलं. मॅडम म्हणाल्या, हा फार मागे पडलाय, घरीच शिकवा, हल्ली ऑनलाइन सगळं मिळतं. तेव्हापासून तो घरी आहे. दोन टर्मची फी राहिलीय, म्हणून दाखलाही देत नाहीत.

मग एका ऑनलाइन कंपनीचा माणूस टॅब घेऊन घरी आला. वर्षाचे अडतीस हजार, महिन्याच्या हप्त्याने. चिन्नाच्या हातात टॅब दिला. गाणी, कार्टून लागलं तोवर तो खूश. नंतर प्रश्न आले, लिहिलेले. तो माझ्या तोंडाकडे बघायला लागला. मी वाचून दाखवलं तसं त्याने बरोबर उत्तर दाबलं. माणूस म्हणाला, बघा ताई, किती हुशार आहे. मालक म्हणतात, कर्ज काढू पण घेऊ.

पोरगा मंद नाही बाई. शिवलेले शर्ट २४, २६, २८ नंबरप्रमाणे वेगळे लावतो, चुकत नाही. किती डझन झाले, किती राहिले, तोंडी सांगतो. गावोगावच्या पोरांचे गणवेश माझ्या मशीनवरून जातात आणि माझं पोर खाली चिंध्यांच्या ढिगावर बसलेलं असतं. बघवत नाही.

ज्याला वाचता येत नाही त्याला घरी शिकवायला ऑनलाइन स्वस्तात किंवा फुकट काही आहे का? तिथेही सगळं वाचूनच करायचं असतं ना? घरी शिकवलं तर पुढे परीक्षा देता येते का? आणि नववी शिकलेल्या बाईला हे जमतं का? मोबाइल एकच आहे. संध्याकाळी सातनंतर मिळतो, रात्रपाळीच्या आठवड्यात दिवसाही मिळतो. नाव छापू नका.

एक आई, सोलापूर

ताई,

आधी त्या टॅबवाल्याचं बोलू. सही केली नसेल तर करू नका. आपल्याकडे हप्ता म्हणजे आठवड्याची मजुरी, हातात येणारी. त्याचा हप्ता खिशातून जाणारा आहे, आणि मुलाने टॅब महिन्यात फेकून दिला तरी जातच राहणार आहे. सही झालीच असेल तर कागद काढून बघा. कर्ज कुठल्या फायनान्सच्या नावावर आहे आणि किती दिवसांत रद्द करता येतं, ते त्यात असतं. रद्द करायचं ते लेखी करा, फोनवरच्या गोड बोलण्यावर राहू नका.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तुम्ही लिहिता, ‘मी वाचून दाखवलं तसं त्याने बरोबर उत्तर दाबलं.’ म्हणजे त्या दिवशी शिकवलं कुणी? तुम्ही. टॅबने नुसतं विचारलं. मुलाला समजतं, आठवतं, विचार करता येतो, एवढं तुम्ही त्या माणसासमोरच सिद्ध केलंत. अडलंय ते एकाच ठिकाणी, कागदावरच्या खुणेचा आवाज करण्यात. ते शिकवायला शेजारी माणूस लागतो. मूल ‘काम’ला ‘कान’ म्हणालं, ते नजर चुकल्यामुळे की ऐकण्यात घोळ झाल्यामुळे, हे शेजारी बसलेल्या माणसाला कळतं. गाणं म्हणणाऱ्या कार्टूनला कळत नाही.

पण शिकवायच्या आधी कान आणि डोळे.

यात माझं स्वतःचं पाप आहे, सांगूनच टाकते. किल्लारीचा भूकंप झाला त्या वर्षी मी दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या एका दोनशिक्षकी शाळेत होते. दुसरीत एक मुलगी होती. मी ‘पाणी’ म्हटलं की ती ‘बानी’ लिहायची, ‘तार’ सांगितलं की ‘दार’. मी तिला पट्ट्या मारल्या. मग हुशार मुलांची जागा अडवते म्हणून मागच्या ओळीत नेऊन बसवलं. दीड वर्षाने तिची आजी सहज बोलून गेली, ‘पोरीचा कान लहानपणापासून वाहतोय बाई.’ तिला नीट ऐकूच येत नव्हतं आणि मी तिला फळ्यापासून, माझ्या तोंडापासून आणखी लांब नेलं होतं. बत्तीस वर्षांच्या नोकरीत असं एकदाच झालं असेल असं मला वाटत नाही. एकदाचं कळलं, इतकंच.

म्हणून चिन्नाच्या पाठीमागे चार-पाच हात लांब उभ्या राहा आणि हळू आवाजात तेलुगूत काहीतरी सांगा, ‘कात्री आण’ असलं साधंच. तोंड दिसता कामा नये. मग लांबच्या कॅलेंडरवरचे आकडे विचारा, ते तर त्याला येतात. पण ही घरची चाचपणी झाली, तपासणी नव्हे. तपासणीला सिव्हिलला जा, म्हणजे आपल्या छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात. डोळे आणि कान-नाक-घसा, दोन्हीकडे दाखवा. एक दिवसाचं काम बुडेल. बुडू द्या.

दोन्ही ठीक निघालं तर तिथेच विचारा, अध्ययन अक्षमतेची, म्हणजे बुद्धी ठीक असून वाचन-लेखनच अडतं त्याची, तपासणी करायची आहे, कुठे करू? डिस्लेक्सिया हा शब्द तुमच्या कानावर आला असेल. अपंगांच्या हक्कांचा २०१६ चा जो कायदा आहे, त्यातल्या एकवीस प्रकारांत ही अक्षमता आहे. मूल आठेक वर्षांचं होईपर्यंत डॉक्टर सहसा हा शिक्का मारत नाहीत. चिन्ना नऊचा आहे, म्हणजे विचारायची वेळ झाली आहे. तपासणाऱ्याला एक गोष्ट मात्र आपण होऊन सांगा: घरी तेलुगू, गल्लीत मराठी, शाळेत इंग्रजी. ज्या भाषेत मूल बोलतच नाही तिच्यात ते वाचत नाही, यावरून काहीच ठरत नाही. मला विचाराल तर चिन्नाची निम्मी अडचण इथेच आहे. डिस्लेक्सिया आहे की नाही ते मी पत्रावरून सांगणार नाही, कुणी सांगत असेल तर ऐकू नका. प्रमाणपत्र मिळालं तर कपाटात लपवू नका. पुढे दहावीला जादा वेळ आणि लेखनिक त्याच्यावरच मिळतो.

आता शाळेचं. ‘घरीच शिकवा’ म्हणणं सोपं आहे. शिक्षण हक्काचा कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत मोफत शिकायचा हक्क आहे. घरी शिकवलं म्हणून आईबापांना शिक्षा करणारं कलम त्यात नाही, पण घरच्या शिक्षणाला त्यात शाळेची जागाही नाही. तुमच्या कामाची दोन कलमं सांगते. एक, मूल शाळा बदलून सरकारी किंवा महापालिकेच्या शाळेत येत असेल तर दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. तुमच्या फीचं त्या शाळेशी काय व्हायचं ते होईल, प्रवेश त्यासाठी थांबत नाही. दुसरं, मागे पडलेल्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात घ्यायचं आणि मागचं भरून काढायला वेगळं शिकवायचं, हे शाळेचं काम आहे. चिन्नाला पुन्हा पहिलीत बसवायची गरज नाही.

महापालिकेच्या शाळेत उद्याच जा. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. पुस्तकं फुकट, दुपारचं जेवण, डॉक्टरांची तपासणी, आणि या सगळ्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे बरोबरीची पोरं. नऊ वर्षांचा मुलगा दिवसभर चिंध्यांच्या ढिगावर एकटा, हे मलाही बघवत नाही. शाळेत विचारा, समग्र शिक्षा या सरकारी योजनेतले विशेष शिक्षक कधी येतात. पहिल्या वेळी ‘बघू’ म्हणतील. दुसऱ्यांदा विचारा.

माध्यम कुठलं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण खरा प्रश्न तोच आहे. महापालिकेच्या तेलुगू शाळाही आहेत, आणि मूल घरच्या भाषेत सगळ्यात लवकर वाचायला लागतं हे मला मान्य आहे. तरीही तुमच्या घराला मी मराठी सांगेन. कारण साधं आहे, रात्री त्याच्या शेजारी बसून वाचणाऱ्या तुम्ही आहात आणि तुम्हाला वाचता येते ती मराठी. बोलायला तेलुगू राहू द्या. अक्षर मराठी, पण त्यावरच्या गप्पा तेलुगूत झाल्या तर काही बिघडत नाही. इंग्रजी पळून जात नाही. मराठी शाळेत पहिलीपासून इंग्रजीचा विषय असतोच.

परीक्षेचं थोडक्यात. राज्याचं मुक्त विद्यालय मंडळ आहे, तिथून पाचवी, आठवी, दहावी बाहेरून देता येते. केंद्राच्या मुक्त विद्यालयातही तिसरी, पाचवी, आठवीच्या बरोबरीच्या पातळ्या आहेत. हे मागचं दार आहे, असू द्या. पुढचं उघडं असताना तिकडून कशाला जायचं?

आता मोबाइल. तुम्ही विचारलंत तसं बहुतेक ऑनलाइन अभ्यासात वाचूनच पुढे जावं लागतं. म्हणून अशा मुलाचा मोबाइल हा कान आहे असं समजा. वाचायला शिकायला वर्ष लागेल, कदाचित दोन. तोवर त्याचा परिसर अभ्यास, गोष्टी, कविता कशाला थांबवायच्या? ते त्याने ऐकावं.

बालभारतीची सगळी पुस्तकं ई-बालभारतीच्या साइटवर फुकट उतरवून घेता येतात, पण तुम्हाला छापील पुस्तकच लागेल. शाळेत मिळेल, नाहीतर रद्दीवाल्याकडे बघा. कारण गंमत त्यातल्या काळ्या-पांढऱ्या चौकोनात आहे. क्यूआर कोड. ही आपल्या जिल्ह्याची गोष्ट आहे. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी आपल्या वर्गाच्या पुस्तकांना असे कोड लावले, आणि पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत ते छापून यायला लागले. २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, दहा लाख डॉलरचं, आणि त्यातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांत वाटून टाकली. पुरस्काराचं कौतुक सगळ्यांनी केलं. मला कौतुक त्या चौकोनाचं आहे, कारण तो उघडायला अक्षर यावं लागत नाही. मोबाइलमध्ये दीक्षा हे सरकारी ॲप घ्या, फुकट आहे. चिन्ना स्वतः कॅमेरा धरेल आणि त्या धड्याची कविता, चित्रफीत जे असेल ते लागेल. ‘आई, इथे काय लिहिलंय’ असं विचारावं लागत नाही. दिवसात एक तरी गोष्ट कुणालाही न विचारता करता आली की मूल सरळ बसतं, हे मी वर्गात पाहिलेलं आहे. कॅमेरा चालला नाही तर चौकोनाखाली सहा अक्षरी कोड असतो, तो मोठ्या बहिणीकडून टाकून घ्या.

गोष्टींसाठी स्टोरीवीव्हर बघा. प्रथम बुक्सने २०१५ मध्ये सुरू केलेली साइट आहे, चित्रांच्या गोष्टी, सगळ्या फुकट. मराठीत आहेत, तेलुगूतही आहेत. पातळी १ निवडा, त्यात एका पानावर एखादं-दुसरं वाक्य असतं. काही गोष्टी ऐकत ऐकत वाचायच्याही आहेत. गोष्ट आवडली तर उतरवून ठेवा, रोज नेट खर्च होत नाही. एकच गोष्ट वीस वेळा ऐकायची म्हणाला तर ऐकू द्या. मोठ्या मुलीसाठी ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक बालभारतीने इंटरनेटवर ठेवलेत, ते तिने भावाला वाचून दाखवावेत. तिला शिक्षिका मात्र करू नका. सातवीतली बहीण शिकवायला बसली की तिसऱ्या दिवशी मारामारी होते. नुसतं वाचून दाखवणं वेगळं.

अँड्रॉइड मोबाइलला स्वतःचा आवाजही असतो. सेटिंगमध्ये सुलभता म्हणून भाग असतो, त्यात ‘सिलेक्ट टू स्पीक’ चालू केलं आणि मराठी आवाज निवडला की पडद्यावरच्या मजकुराला बोट लावल्यावर तो वाचून दाखवतो. आवाज यंत्रासारखाच आहे, पोरं त्याची नक्कल करून हसतात. हसू द्या. उलटंही होतं. कीबोर्डवरच्या माइकचं चिन्ह दाबून तो मराठीत बोलला की अक्षरं उमटतात. त्याच्या डोक्यातली गोष्ट अशी एकदा त्याच्याच शब्दांत पडद्यावर येऊ द्या आणि त्याला परत ऐकवा. आपण बोललेलं असं दिसतं, हे ज्या दिवशी त्याला कळेल त्या दिवशी अर्धं काम झालं.

आणि सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे तुमचा आवाज. रात्री धडा मोठ्याने वाचून मोबाइलमध्ये रेकॉर्ड करा. मध्येच तेलुगूत समजावलं तरी चालेल. रात्रपाळीच्या आठवड्यात मोबाइल दिवसा घरी असतो. तुम्ही मशीनवर बसलेल्या असताना तो कानाला लावून ऐकेल. मशीनच्या आवाजात तुम्हाला बोलावं लागणार नाही.

इंग्रजीसाठी सध्या काही घेऊ नका. वर्षभराने वाटलं तर खान अकॅडमी किड्स आहे, फुकट आणि जाहिराती नसलेलं. आत्ता नको. दोन लिप्या एकदम, हाच तर घोळ झालाय.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, मला जमेल का. यासाठी नववी पुष्कळ झाली. रोज पंधरा मिनिटं लागतात, जमलं तर सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा. तासभर बसवू नका.

पहिल्या दिवशी तो कुठे आहे ते बघा. ‘असर’ म्हणून मुलांच्या वाचनाची पाहणी होते, तिचा मराठी तपासणीचा कागद इंटरनेटवर आहे. एकाच पानावर अक्षरं, शब्द, छोटा परिच्छेद, गोष्ट. कुठे अडतो ते बघायचं आणि कागद ठेवून द्यायचा. मार्क नाहीत, रागावणं नाही.

मग आठवडाभर कागद नकोच, नुसते आवाज. ‘कमळ’ म्हणा आणि टाळ्या वाजवा, क-म-ळ, तीन. ‘माप’, मा-प, दोन. ‘काज’मधला पहिला आवाज कुठला? ‘माप’मधला मा काढला तर काय उरलं? हे मशीन चालवता चालवता होतं. ज्याला आवाज तोडता येत नाहीत त्याच्यासमोर अक्षर ठेवणं म्हणजे कापड न मापता कात्री लावणं.

मुळाक्षरं अ, आ, इ, ई पासून सुरू करू नका. क्रमाने सगळी पाठ करायची आणि मग शब्द, यात एखाद्याचं वर्ष जातं आणि हातात एकही शब्द पडत नाही. थोडी अक्षरं घ्यायची आणि त्यांचेच शब्द करायचे. मराठी वाचायला कसं शिकवावं यासाठी फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत मॅक्सिन बर्नसन यांनी आयुष्य घातलं. आम्ही गावातल्या शाळांत जे काही धडपडत करत होतो ते नीट विचार करून केलं तर कसं दिसतं, हे मला तिकडचं काम बघून कळलं. तुमच्यासाठी मी काल रात्री बसून अक्षरं काढली. क, म, प, ज, न आणि एक काना. बघा काय काय होतं: काम. माप. काज. कान. नाक. मान. पान. काप. मामा, काका, नाना. ‘नाना, पान कापा.’ पाच अक्षरांत निम्मं शिवणकाम बसलं, मलाच मौज वाटली. हे शब्द त्याच्या रोजच्या कानावरचे आहेत, त्यामुळे आवाज जुळले की अर्थ आपोआप सापडेल.

अक्षर वहीत काढायला लावू नका. उतरवण्यात तो पटाईत आहे, तिथेच फसगत होते. मापाच्या खुणा करायचा तुमचा सपाट खडू घ्या आणि टाकाऊ कापडावर वीतभर मोठा ‘क’ काढा. त्याने त्यावरून बोट फिरवायचं आणि फिरवताना तोंडाने ‘क’ म्हणायचं. तोंड बंद ठेवून गिरवलेलं अक्षर धरू नका. कापड झटकलं की पाटी कोरी. वाचताना नजर पळत असेल तर कॉलरच्या बकरमचा तुकडा घ्या, मधोमध एका शब्दाएवढी खिडकी कापा आणि ती ओळीवर सरकवत न्या. बकरम कडक असतं, वाकत नाही. कागदाच्या पट्ट्या माझ्या वर्गात चार दिवसांत चुरगळायच्या.

पुढे वेलांटी आली की सावकाश. पहिल्यांदा दीर्घ घ्या: मी, कमी, मामी, काकी, जमीन. ऱ्हस्व वेलांटीची खोड अशी की ती दिसते अक्षराच्या आधी आणि ऐकू येते नंतर. ‘कि’ वाचताना डोळ्याला आधी वेलांटी भेटते, तोंडाला मात्र आधी ‘क’ काढावा लागतो. चांगली पोरं तिथे अडखळतात. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व, प आणि ष या जोड्या कधीही एकाच आठवड्यात काढू नका. एक पक्कं झाल्यावर महिन्याने दुसरं. जोडाक्षरं अगदी शेवटी, आणि त्यातही र सगळ्यात शेवटी. तो कुठे डोक्यावर बसतो, कुठे पोटात घुसतो, कुठे पायाशी लोळतो. मोठी माणसं चुकतात.

चुकला तर ‘अरे, कालच सांगितलं होतं ना’ हे वाक्य गिळा. मला गिळायला पंधरा वर्षं लागली. तीन महिने रोज बसूनही ‘का’ आणि ‘म’ मिळून ‘काम’ होतच नसेल, तर तो तुमचा दोष समजू नका आणि त्याचाही समजू नका. मग विशेष शिक्षकाच्या हाताखाली गेल्याशिवाय चालणार नाही, आणि सिव्हिलचा कागद तोवर हातात असलेला बरा.

मालकांना टॅब न घेण्याचं दुःख वाटेल, त्यांनाही मुलासाठी काहीतरी करायचं आहे. पाळीवरून आल्यावर पाच मिनिटं त्यांनी तेलुगूत गोष्ट सांगावी. लहानपणीची, कारखान्यातली, गड्ड्याच्या जत्रेतली, कुठलीही.

राहिला जून. गणवेशांचा हंगाम आला की तुम्हाला पंधरा मिनिटंही मिळणार नाहीत, हे मला माहीत आहे. त्या दिवसांत नवीन अक्षर घेऊ नका, ऐकणं चालू ठेवा आणि गठ्ठ्यांवरच्या चिठ्ठ्या त्याच्याकडे द्या. २८ त्याला येतोच. त्याच्या आधी फक्त ‘माप’ लिहायला सांगा. माप २८, माप २६. पहिल्या चार-दोन चिठ्ठ्यांवर मापचा काना राहील. आपल्याच हाताने घालू नका. चिठ्ठी त्याच्यासमोर धरा, ‘वाच’ म्हणा, आणि तो स्वतः खडू मागेपर्यंत थांबा.

— बाई